कॅम्पस सांभाळणाऱ्यांचे प्रश्न : असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार सर. मी वर्धा जिल्ह्यात एका शिक्षण संस्थेच्या कॅम्पसवर मेंटेनन्स इन्चार्ज आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला, दहाबारा वर्षांपासून इथंच आहे. कॉलेज, दोन होस्टेल, मेस, छोटा दवाखाना, बोअर, जनरेटर, लिफ्ट, सफाईचा ठेका, सगळं माझ्याच डोक्यावर. माझा एक मित्र बुटीबोरीच्या कंपनीत आहे, त्यानं फॅसिलिटी मॅनेजर लोकांच्या आंतरराष्ट्रीय असोसिएशनची, आयएफएमएची मेंबरशिप घेतली आणि मलेही म्हणते तू पण घे. फी डॉलरमध्ये आहे. घरी म्हणतात एवढ्या पैशात सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा येतात, कायले घालवता. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, बोलता येत नाही. नुसता विचारच करून राहिलो. घ्यावी का? आणि घेतली तर खेड्यातल्या माणसाला तिचा उपयोग काय?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : भाऊ, सरळ सांगतो. घ्या, पण या महिन्यात घेऊ नका, आणि पैसे स्वतःच्या खिशातून घालायच्या आधी संस्थेकडे मागून पाहा.

ही असोसिएशन १९८० मध्ये अमेरिकेत सुरू झाली, मुख्य ऑफिस टेक्सासमध्ये ह्यूस्टनला आहे, शंभरावर देशांत मेंबर आहेत आणि आपल्याकडे मोठ्या शहरांत तिचे चॅप्टर म्हणजे स्थानिक शाखा चालतात. मेंबर झालं की रिपोर्ट वाचायला मिळतात, वेबिनार मिळतात, कोर्सच्या फीमध्ये सवलत मिळते, आणि दवाखाने वगैरे एकेका प्रकारच्या जागा सांभाळणाऱ्या लोकांचे वेगळे गट आहेत त्यात जाता येते. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा की मुख्य मेंबरशिपची फी वेगळी आणि चॅप्टरची वेगळी राहते, बरेच लोक पहिला आकडा पाहून हो म्हणतात आणि दुसरा आकडा पाहून मग चिडतात.

आता मुख्य मुद्दा. मेंबरशिप आणि सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या पत्रात सर्टिफिकेटचं नावच नाही. मेंबरशिप पैसे भरले की मिळते, तिच्यानं तुम्हाला काम येते हे सिद्ध होत नाही, त्यामुळे बायोडाटात ती एक ओळ लिहिली तर कोणी पगार वाढवून देत नाही. काम येते हे दाखवणारं जे आहे ते म्हणजे याच असोसिएशनचं एफएमपी (फॅसिलिटी मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे सर्टिफिकेट, त्यात चार विषय आहेत, ऑपरेशन्स आणि मेंटेनन्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, फायनान्स आणि बिझनेस, आणि लीडरशिप-स्ट्रॅटेजी. त्याच्या पुढची पायरी सीएफएम (सर्टिफाइड फॅसिलिटी मॅनेजर), तिथं शिक्षण आणि अनुभवाची अट आहे, परीक्षा आहे, आणि पास झाल्यावरही दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागते. ही दोन्ही मेंबर नसतानाही करता येतात, फक्त मेंबरला स्वस्त पडतात.

म्हणून म्हटलं या महिन्यात नको. मेंबरशिप वर्षाची राहते. आज भरली आणि कोर्सचा विचार दिवाळीनंतर केला तर अर्धं वर्ष फुकट गेलं समजा. एफएमपीला कधी बसायचं ते आधी ठरवा, त्याच्या तोंडावर मेंबरशिप घ्या, सवलत वापरा, आणि त्या वर्षात वेबिनार, रिपोर्ट, गट जे जे आहे ते सगळं वसूल करा. पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही ते मग तुम्हाला आपोआप समजेल.

मधल्या काळात काय करायचं ते आता सांगतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. नोंदी लिहायला लागा. अशा कोणत्याही संघटनेत माणसाला मदत मिळते ती त्याच्या प्रश्नाच्या मापानं मिळते, आणि चांगला प्रश्न नोंदीतूनच निघते. तुम्ही तिथं जाऊन विचारलं की आमचा जनरेटर डिझेल लय खाते काय करू, तर लोक म्हणतील सर्व्हिसिंग करा, संपलं. पण तुमच्याजवळ एक साधं रजिस्टर असलं, ज्यात रोज अवर मीटरचं रीडिंग, किती लिटर डिझेल टाकलं, एनर्जी मीटरवर किती युनिट निघाले आणि त्या वेळी लोड किती होता एवढ्या चार गोष्टी आहेत, तर महिन्याच्या शेवटी तुम्ही भागाकार करून सांगू शकता की लिटरमागे किती युनिट पडले. बऱ्यापैकी लोडवर चालणारा चांगला सेट लिटरला तीन-साडेतीन युनिट देते. तुमचा अडीचच्या खाली असला तर दोनच गोष्टी पाहायच्या, एक तर फिल्टर-इंजेक्टर-गळती किंवा डिझेल दुसरीकडे जाणे, आणि दुसरं म्हणजे लोड. १२५ केव्हीएचा सेट रात्री होस्टेलच्या पंख्या-लाइटसाठी वीस किलोवॅटवर चालवला की तो डिझेल वाया घालवतेच, आणि कमी लोडवर सतत चालून त्याच्या सायलेन्सरमधून काळं तेलकट यायला लागते, इंजिन खराब होते. मग रात्रीसाठी लहान सेट परवडेल का, का सोलर आणि बॅटरी, असा प्रश्न तुम्ही आकडा घेऊन विचाराल, आणि त्याचं उत्तर जगात कुठलाही माणूस देईल.

अशीच नोंद अर्थिंगची. आपली काळी माती, एप्रिल-मे मध्ये भेगा पडतात त्यात हात जाते, त्या वेळी अर्थ पिटचा रेझिस्टन्स मोजा, जुलैत ओल्या जमिनीत मोजून चांगला आकडा लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही. हीच माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते म्हणून जमिनीखालचे पाइप दरवर्षी त्याच त्या जॉइंटला तुटतात, प्लिंथच्या बाजूची फरशी उचलते. कुठला जॉइंट, कोणत्या महिन्यात, कितव्यांदा, हे लिहून ठेवलं तर तीन वर्षांत तुमच्या हातात एक नकाशा तयार होते जो कोणत्याच कोर्समध्ये मिळणार नाही. पाण्याचं पण तसंच, गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करते ना, पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहायची, तीच तुम्ही कॅम्पसच्या सगळ्यात शेवटच्या नळावर करायची, टाकीवर नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोरीन लिटरला कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम उरायला पाहिजे असं आहे आणि शेवटच्या नळावर उरलं म्हणजे मधे सगळीकडे आहे. आणि कॅम्पसला एचटी म्हणजे उच्चदाबाचं कनेक्शन असेल तर महावितरणचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर येते, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामी लागणारा हिस्सा) घसरला की बिल सरळ वाढते, तो सावरणाऱ्या कपॅसिटर पॅनलमधले किती कपॅसिटर खरंच जिवंत आहेत हे महिन्यातून एकदा क्लॅम्प मीटर लावून पाहत जा.

आता एक गोष्ट जी ती असोसिएशन तुम्हाला शिकवणार नाही. तिचे कोर्स जगभरासाठी आहेत, फॅसिलिटी मॅनेजमेंटचं २०१८ चं आयएसओ ४१००१ मानकही जगभरासाठी आहे. आपल्या राज्याचे कायदे आपणच वाचायचे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात इमारतीच्या मालकानं किंवा ती वापरणाऱ्यानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्यायचा असते की आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे. किती संस्थांच्या फाइलमध्ये वर्षाचे दोन्ही फॉर्म सापडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. लिफ्टचा राज्याचा कायदा २०१७ चा आहे. दवाखाना आहे म्हणता तर २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम आले, पिवळा, लाल, पांढरा, निळा अशा रंगांप्रमाणे कचरा वेगळा करायचा, आणि त्यातला रक्ताळलेला किंवा शरीराच्या भागांचा कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही, मग गाडी येवो की न येवो, ते तुम्हालाच फोन लावून आणि लिहून मागे लागावं लागते.

मी हे एवढ्या जोरानं सांगतो त्याला कारण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. आपल्याच विदर्भात. आपल्या कामाला अजूनही बरेच लोक बल्ब बदलणाऱ्याचं काम समजतात, संस्थाचालकही समजतात, पण वायरिंगवरचा लोड, धूर ओळखणारी यंत्रणा, बाहेर निघायचा रस्ता, रात्री कोण जागं आहे, हे पाहायचं काम ज्याचं आहे तो तुमच्यासारखाच माणूस आहे. म्हणून मला मनापासून वाटते की या लोकांची संघटना असावी, त्यांनी शिकावं आणि त्यांना मान मिळावा.

इंग्रजीची काळजी सोडा. एफएमपीचं साहित्य वाचून करायचं आहे, घरी बसून, आपल्या वेगानं, आणि त्यातले निम्मे शब्द तर तुम्ही रोज वापरता, ब्रेकडाउन, प्रिव्हेंटिव्ह, व्हेंडर, बजेट. अडेल ते फायनान्सच्या भागात, तिथं तुमच्या संस्थेच्या अकाउंटंटला घेऊन बसा. वेबिनार अमेरिकेच्या वेळेला राहतात म्हणजे आपल्याकडे रात्री, पण रेकॉर्डिंग मिळालं की थांबवून थांबवून पाहता येते. चॅप्टरच्या मीटिंगला गेलात तर हिंदीत बोला, तिथं कोणी व्याकरण तपासायला बसलेलं नसते.

पैशाचं असं करा. संस्थेच्या सचिवांना अर्ज द्या, पण त्यात "मला मेंबरशिप घ्यायची आहे, फी मिळावी" असं लिहू नका. असं लिहा की मागच्या तीन महिन्यांत जनरेटरला एवढं डिझेल लागलं, लिटरमागे एवढे युनिट पडले, एवढे पडायला पाहिजेत, फरकाचे एवढे रुपये होतात, हे कमी करण्यासाठी आणि जानेवारी-जुलैच्या फायर तपासणीचं काम नीट बसवण्यासाठी मला हा कोर्स करायचा आहे, त्याचा खर्च एवढा, आणि कोर्स झाल्यावर मी दोन वर्षं इथंच राहीन. शेवटचं वाक्य मनात असेल तरच लिहा. नाही म्हणाले तर निम्मे मागा. आणि मिळालेच नाहीत तर सरळ सांगतो, पेरणीच्या तोंडावर बियाण्याचे पैसे तोडून हे करू नका, तूर-कापूस घरातून गेल्यावर करा. भरताना एक अडचण येईल, आपल्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच राहतात, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन ते चालू करावे लागतात आणि काम झालं की परत बंद करा.

आणखी एक. तुमच्यासारखेच लोक आजूबाजूला आहेत, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, पुलगावकडे, सावंगी-सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यांत, तिकडे वणीकडे. चारपाच जणांना फोन करा. महिन्यातल्या एका शनिवारी एकाच्या कॅम्पसवर जमायचं, त्यानं आपली पंपरूम आणि पॅनलरूम दाखवायची, बाकीच्यांनी जे दिसलं ते स्पष्ट बोलायचं, आणि जेवून घरी जायचं. तुमच्यातला एक जण आयएफएमएचा मेंबर झाला तर तिथं शिकलेलं त्या दिवशी सगळ्यांना सांगू शकते. मेंबरसाठी असलेले पेपर मात्र फॉरवर्ड करत सुटू नका, ते बरोबर नाही, शिकलेलं तोंडी सांगायला कोणाची मनाई नाही.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात एका निवासी शाळेत एजन्सीमार्फत हाऊसकीपिंग सुपरवायझर आहे. बारावी झाली आहे. माझ्या हाताखाली सफाईच्या बायका आहेत. अशा असोसिएशनबद्दल मी विचारलं तर एजन्सीचे साहेब म्हणाले ते फक्त इंजिनिअर लोकांचं असते, तुमचं काय काम. खरं आहे का?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, खरं नाही. मेंबर व्हायला इंजिनिअरची डिग्री लागत नाही, एफएमपीच्या अभ्यासालाही लागत नाही. इमारत, माणसं आणि काम या तिन्हीचा मेळ घालणे हाच तर या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि तो मेळ तुम्ही रोज सकाळी हजेरी घेऊन घालता.

पण तुम्हाला मी आज डॉलर भरा म्हणणार नाही. तुमच्यासाठी आधी आपल्याकडची सोय आहे, पर्यटन-हॉस्पिटॅलिटीच्या स्किल कौन्सिलचे हाऊसकीपिंगचे कोर्स आहेत, आणि आरपीएल नावाची सोय आहे ज्यात काम आधीच येत असलेल्या माणसाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचारा, एकट्या जाऊ नका, सोबत तुमच्या दोन बायका न्या म्हणजे त्यांचंही होईल.

तोवर तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पहिली, टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत, एकाच भांड्यावर, एकाच वेळी कधीही जाऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघते, बंद संडासात ते जीवावर बेतते. दोन्हीचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा, डब्याला रंग लावा म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल, आणि नवीन बाई आली की पहिल्या दिवशी हेच सांगा, झाडू नंतर. दुसरी, सेप्टिक टँक. तो साफ करायला ठेकेदार माणूस आत उतरवत असेल तर थांबवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, गाडी बोलवून पाइपनं उपसायचं. तुम्ही एजन्सीच्या आहात म्हणून बोलायची भीती वाटेल, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा, कारण आत गेलेला माणूस बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला जाते आणि तोही तिथंच राहते. तिसरी, प्रत्येक बाईचा पीएफचा यूएएन नंबर आहे का आणि पासबुकात दर महिन्याचे पैसे जमा दिसतात का, ते तिच्याच मोबाइलवर तिला पाहायला शिकवा. कपात होते पण भरणा होत नाही असं निघालं तर शाळेलाही कळवा, ठेकेदारानं नाही भरलं तर मूळ मालकावर जबाबदारी येते हे शाळेलाही माहीत असते.

एवढं जिच्या देखरेखीत नीट चालते ती बाई फॅसिलिटीचंच काम करते आहे, मग साहेब काही म्हणोत.

प्रश्न : मी चंद्रपूरला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकल. या लाइनमध्ये यायचं आहे. आत्ताच स्टुडंट मेंबरशिप घेऊ का?
— एक विद्यार्थी

उत्तर : विद्यार्थ्यांसाठी कमी फीची वेगळी मेंबरशिप आहे, घ्यायची असेल तर ती विद्यार्थी असेपर्यंतच मिळते, पण पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेव. आधी डिप्लोमा झाल्यावरची अप्रेंटिसशिप, १९६१ च्या कायद्याखाली मिळते, स्टायपेंडही मिळते, त्यात दवाखाना किंवा मोठी फॅक्टरी मिळाली तर ऑफिसपेक्षा ती घे कारण तिथं बॉयलर, चिलर, गॅस लाइन, डिझेल जनरेटर सगळं एकाच छताखाली हाताळायला मिळते. मग इलेक्ट्रिकलचं सुपरवायझर परमिट, याच्याशिवाय आपल्या राज्यात तुझी सही कुठं चालणार नाही. मग आगीचं काही शिकायचं असेल तर लांब जायची गरज नाही, १९५६ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यांचे कोणते छोटे कोर्स बाहेरच्यांसाठी आहेत ते पाहा. ऊर्जेत रस असला तर पुढे अनुभव झाल्यावर बीईईची (केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेची) एनर्जी मॅनेजरची परीक्षा आहे, तिचे तीन पेपर आहेत, ऑडिटर व्हायचं तर चौथा. आयएफएमए या सगळ्यानंतर, नोकरीत दोनेक वर्षं झाल्यावर, तेव्हा तुझ्याजवळ विचारायला प्रश्न राहतील.

मुलाखतीला जाताना मार्कशीटसोबत तुमच्या होस्टेलच्या मेन पॅनलचं सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीज कुठून कुठं जाते त्याचा साधा नकाशा, स्वतःच्या हातानं काढून घेऊन जा, वॉर्डनची परवानगी घेऊन आणि वायरमनला सोबत ठेवून, पॅनल न उघडता जेवढं दिसते तेवढंच. समोरचा माणूस कामाचा असेल तर पुढचे सगळे प्रश्न तो त्या कागदावरच विचारेल.